बीटबॉक्सरनं खूमेईची संगत कशी करावी?

प्रश्न कोल्हापूरच्या एका मुलाचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं बीटबॉक्स करतो, म्हणजे तोंडानं ड्रमचे ठेके आणि घशातून बेस वाजवतो. तो लिहितो: "सर, माझा थ्रोट बेस बऱ्यापैकी बसलाय. मध्यंतरी तुवाचा अलाश हा चमू आणि बाल्टिमोरचा बीटबॉक्सर शोडेके यांना एकत्र ऐकलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आपला थ्रोट बेस आणि त्यांचं ते खालचं गाणं एकच का? दोन्ही खरंच एकत्र येतं, की फ्युजन म्हणून खपवतात? आणि हे करून घसा जातो का?"

तिन्ही प्रश्न नेमके विचारलेस. आधी थोडक्यात सांगतो. गळ्यातला जो भाग हलतो तो दोन्हीकडे एकच आहे, कला मात्र वेगवेगळ्या आहेत. एकत्र येतं, पण बीटबॉक्सरची संगत करायची तयारी असेल तर. आणि घसा जातो, घाई केली तर नक्की जातो. मी सतरा वर्षं बीटबॉक्स करतोय, त्यातली शेवटची नऊ वर्षं खूमेईच्या, म्हणजे तुवाच्या त्या घशातल्या गाण्याच्या मागे आहे, आणि ह्या तिन्ही गोष्टी मी चुका करत करत शिकलो. म्हणून जरा लांबण लावतो.

तुवा कुठे आहे ते आधी नकाशात बघ. सैबेरियाच्या दक्षिण टोकाला, मंगोलियाला खेटून. राजधानी किझिल, जिथे दोन नद्या मिळून येनिसेई होते. १९२१ ते १९४४ एवढा काळ हा देश नावापुरता का होईना स्वतंत्र होता, मग सोव्हिएत संघात गेला, आज रशियाचं एक प्रजासत्ताक आहे. मेंढ्या, घोडे, याक, उंट आणि ईशान्येच्या जंगलात रेनडिअर पाळणारी माणसं. त्यांच्या ह्या गाण्याला सगळं जग थ्रोट सिंगिंग म्हणतं, ते म्हणतात खूमेई. खूमेई हे सगळ्या प्रकाराचंही नाव आणि त्यातल्या एका मऊ शैलीचंही. दुसरी शैली सिगित, शिट्टीसारखी टोकदार. तिसरी कारगिरा, तू ज्याला "खालचं गाणं" म्हणालास ती. त्याशिवाय बोरबांगनादिर आणि एझेंगीलेर. एझेंगी म्हणजे घोड्याची रिकीब. ही नावं पाठ कर. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्या वस्तूचं नाव नीट घेता आलं पाहिजे, एवढं तरी आपण करावं.

आता तुझा थ्रोट बेस. आपल्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना त्या बाजूला असतात. गिळताना, जड पोतं उचलताना आवळतात. ह्या घड्या जवळ आणून, खालून हलकी हवा दिली की त्याही हलायला लागतात, आणि स्वरतंतू दोनदा हलले की ह्या एकदा हलतात. त्यामुळे कानाला मूळ सुराच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर येतो. पांढरी एकमध्ये मध्य षड्ज लावलास, म्हणजे साधारण १३१ हर्ट्झ, तर बाहेर पडतो ६५ हर्ट्झच्या आसपासचा. कारगिरा हेच आहे आणि बीटबॉक्समधला थ्रोट बेसही हेच आहे. फरक पुढे सुरू होतो. आपण थ्रोट बेस तुकड्यांत वाजवतो, हवेचा दाब जास्त देतो, ओठ मिटून किंवा फडफडवून त्याला धार आणतो. आपल्याला तो सिंथेसायझरच्या बेससारखा हवा असतो. तुवन गायक तोच आवाज एका श्वासात दहा-पंधरा सेकंद धरतो, घसा मोकळा ठेवतो, आणि मग तोंडानं आ, ऑ, ओ, ऊ असे स्वर बदलत त्या खर्जाच्या डोक्यावर दुसरी चाल फिरवतो. तुझा थ्रोट बेस संपतो तिथे त्याची कारगिरा सुरू होते.

"डोक्यावर दुसरी चाल" म्हणजे काय, हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. चांगला जुळलेला तानपुरा घे. मिरजेचा मिळाला तर उत्तम. फक्त खर्जाची तार छेड आणि ती विझेपर्यंत ऐकत राहा. त्यात कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो सूर असतो, तारेतच असतो, आणि घोडीवरची जवारी नीट लागली की वर येतो. प्रत्येक आवाजात असे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट सूर दडलेले असतात. तुवन गायक काय करतो, तर तोंडाच्या पोकळीचा आकार असा बारकाईनं बदलतो की त्या रांगेतला एकच सूर उजळून निघतो आणि बाकीचे मागे राहतात. नवीन सूर तो तयार करत नाही. असलेल्यातला एक निवडतो.

आणि निवडतो कोणते, ते बघ. सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा. आपल्या भाषेत मंद्र पंचम, मग सा, रे, ग आणि वरचा प. सातवा आणि अकरावा बहुतेक वेळा गाळतात, कारण सातवा म्हणजे फार उतरलेला कोमल निषाद आणि अकरावा शुद्ध-तीव्र मध्यमाच्या मधोमध कुठेतरी. म्हणजे मध्यम नाही, निषाद नाही. मी पहिल्यांदा हे आकडे कागदावर मांडले तेव्हा भूपाचा सांगाडा समोर आला आणि अंगावर काटा आला. सैबेरियातल्या मेंढपाळाला भूप माहीत असायचं कारण नाही. निसर्गाच्या त्या शिडीवरून चालताना मध्यम-निषादाच्या पायऱ्या अडखळवतात, एवढंच. ह्याचंच हातात मावणारं रूप म्हणजे मोरचंग, तोंडाशी धरून वाजवायचं छोटं वाद्य. तुवात त्याला खोमूस म्हणतात. वाद्याची जीभ एकच सूर देते, बाकी सगळी गंमत तोंडाच्या पोकळीची.

सिगितसाठी जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्यावर 'ल' म्हणताना टेकतं तसं टेकवायचं, जिभेच्या कडा वरच्या दाढांना चिकटवायच्या आणि एका बाजूला बारीक फट ठेवायची. हवा तिथूनच जाते. २०२० साली हून-हूर-तू ह्या नावाजलेल्या तुवन चमूच्या गायकांवर झालेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात एमआरआय आणि ध्वनीच्या मोजमापातून असं दिसलं की गायक तोंडात दोन ठिकाणी अरुंद जागा करतो, एक जिभेच्या टोकाशी आणि एक मागे घशाशी, आणि त्यामुळे दोन वेगळे अनुनाद एकमेकांवर चढून १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान एकच तीक्ष्ण शिखर तयार होतं. म्हणून ती शिट्टी एवढी धारदार. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी एका बीटबॉक्सरलाही चालू एमआरआयमध्ये वाजवायला लावलं होतं. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारा माणूस, पण त्याच्या तोंडात कॉकेशसच्या भाषांत असतात तसे कंठ वर ढकलून फोडलेले 'प्', 'त्', 'क्' सापडले, आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या भाषांत असतात तसे टचकारे सापडले. त्या भाषा त्याला येत नव्हत्या. आवाजाच्या शोधात तो आपला आपण तिथे पोचला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण यंत्र सारखं आहे म्हणून कला जुळतात असं नाही.

बीटबॉक्स यंत्राच्या नकलेतून जन्माला आला. नावच बघ. १९८० च्या सुमाराला नव्या ड्रम मशिन आल्या, रोलंडची ८०८ त्याच वर्षीची, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या पोरांना त्या परवडत नव्हत्या. डग ई. फ्रेश, फॅट बॉईजमधला बफी, बिझ मार्की ह्यांनी ते यंत्र तोंडात उतरवलं. पुढे राहझेलनं एकाच वेळी गाणं आणि ठेका धरून दाखवला. त्यामुळे आपल्या सगळ्या शिक्षणात अचूकपणा हे मोठं मूल्य आहे. मेट्रोनोमच्या टिकटिकीला चिकटून राहायचं, प्रत्येक किक (ड्रमचा खालचा, जड ठोका) सारखी, प्रत्येक स्नेअर (वरचा, कडक ठोका) सारखी.

खूमेईसुद्धा नक्कलच आहे, पण नदीची, वाऱ्याची, घोड्याची, पक्ष्याची. आणि तुवन माणसाच्या समजुतीनं ती नुसती नक्कल नाही. डोंगराला, नदीला स्वामी असतो, त्याच्या आवाजात त्याला हाक द्यायची असते. तिथल्या संगीतशास्त्रज्ञ वालेन्तिना सुझुकेई ह्यांनी हे फार नीट मांडलंय: हे सुरावटीवर उभं असलेलं संगीत नाही, खर्ज आणि त्यातून फुटणाऱ्या सुरांच्या पोतावर उभं असलेलं आहे. हून-हूर-तू ह्या नावाचा अर्थही असाच आहे. सूर्य उगवल्यावर किंवा मावळताना गवताळ माळावर उन्हाचे झोत उभे फाकलेले दिसतात, ते दृश्य. एका प्रकाशातले वेगवेगळे झोत, एका आवाजातले वेगवेगळे सूर.

हा फरक मला एका दुपारी कळला. युरोपात एक कार्यशाळा होती, तुवन गायक शिकवायला, बोलणं रशियन दुभाष्यामार्फत. त्यानं सगळ्यांना सांगितलं की लहानपणापासून ऐकत आलेला एक आवाज काढा. कुणी बोटीचा भोंगा काढला, कुणी चर्चची घंटा. मी लोकल काढली. रुळांच्या सांध्यावरून चाकं जातात तो ठेका, वर ब्रेकची किंचाळी, मध्ये दाराची खडखड. वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवत आलो होतो, टाळ्या घेत आलो होतो. त्यानं डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एकदा काढायला लावलं, आणि विचारलं: गाडी तुझ्याकडे येतेय की दूर चाललीय? मी गप्प. माझ्या लोकलला वेळ होता, वेग होता, पण जागा नव्हती. ती कुठूनच येत नव्हती आणि कुठेच जात नव्हती. मग त्यानं मांडीवर पंजा आपटत एझेंगीलेर धरलं, नाकाची झडप उघडझाप करत, आणि एक घोडा त्या खोलीच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मी त्या घोड्यामागे मान वळवली होती, हे मला नंतर शेजारच्यानं सांगितलं.

तेव्हापासून मी बीटबॉक्स शिकवताना हा प्रश्न प्रत्येक मुलाला विचारतो.

ह्या देवाणघेवाणीची बीटबॉक्सच्या आधीची एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. पॉल पेना हा सॅन फ्रान्सिस्कोचा अंध ब्लूज गायक. १९८४ साली शॉर्टवेव्हवर चाळत असताना रेडिओ मॉस्कोवर त्याला हा आवाज सापडला. कुणी शिकवणारं नाही, भाषा येत नाही. त्यानं ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकून ऐकून आवाज काढला. तुवनचा इंग्रजी शब्दकोश नव्हता, म्हणून तुवन-रशियन आणि रशियन-इंग्रजी अशा दोन कोशांतून, छापलेलं अक्षर बोटाला जाणवून देणाऱ्या उपकरणानं एकेक शब्द चाचपत तो भाषा शिकला. १९९३ साली तुवाचे थोर गायक कोंगार-ओल ओंडार अमेरिकेत आले तेव्हा पेनानं त्यांना कारगिरा गाऊन दाखवली. १९९५ साली तो किझिलच्या स्पर्धेत उतरला आणि कारगिराच्या गटात पहिला आला. तिथल्या लोकांनी त्याला 'चेर शिमजेर' म्हटलं, म्हणजे भूकंप. मला ह्यात सगळ्यात मोठी वाटते ती शब्दकोशांची गोष्ट. आवाज त्याला आधीच येत होता. तरी तो भाषेपाशी गेला.

कोंगार-ओल ओंडार २०१३ साली गेले. त्यांचाच शिष्य बादी-दोर्झू ओंडार हा अलाशमधला एक. बाकीचे दोघे आयान-ओल साम आणि आयान शिरिझिक. किझिलच्या कला महाविद्यालयात विद्यार्थी असताना १९९९ साली ह्या चमूची सुरुवात झाली. वायव्य तुवातल्या अलाश नदीवरून नाव घेतलं. हे तिघं परंपरेत पक्के आहेत, आणि म्हणूनच त्यांना बाहेरच्यांबरोबर बसायला भीती वाटत नाही. अमेरिकन बँजोवादक बेला फ्लेक ह्यांच्या २००८ च्या नाताळच्या अल्बममध्ये ते आहेत. शॉन क्वर्क नावाचा एक अमेरिकन तुवात जाऊन राहिला, भाषा शिकला, तो त्यांचा व्यवस्थापक आणि दुभाषा. मंचावर तो प्रत्येक गाण्याआधी सांगतो की हे कशाबद्दल आहे. ह्या माणसाचं काम लोकांच्या नजरेत भरत नाही, पण अशा भेटी टिकतात त्या अशा दुभाष्यांमुळे.

आणि शोडेके. बाल्टिमोरचा. टाउसन विद्यापीठात नृत्याच्या वर्गाला तोंडानं साथ करत त्यानं वर्षं काढली. हे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक बीटबॉक्सर स्पर्धांत तयार होतात, तिथे समोरच्याला हरवायचं असतं. हा माणूस साथीत तयार झालाय. नर्तकाचं वजन कुठल्या पायावर आहे, उडी अजून हवेत आहे का, हे बघत बघत वाजवायची त्याला सवय. अलाशच्या 'अचाय' ह्या अल्बममध्ये तो पाहुणा आहे. अचाय म्हणजे वडील. तो अल्बम त्यांनी आपल्या गुरूंना, ओंडारना वाहिलाय. त्यांना एकत्र ऐकताना एक गोष्ट मुद्दाम मोज: शोडेके किती वेळ गप्प आहे. कित्येकदा तो फक्त श्वास वाजवतो. आपल्याकडे तौफिक कुरेशी तोंडानं आणि श्वासानं ठेके धरतात, त्यात श्वास हेच वाद्य होतं, तसं काहीसं.

आता तू प्रत्यक्ष कुणाबरोबर बसशील तेव्हा काय बिघडतं ते सांगतो. हे कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त ह्याचाच उपयोग होतो.

कारगिरा ६०-७० हर्ट्झच्या आसपास बसते. तुझी किक, माइक मुठीत घेऊन वाजवलीस की, तिथेच येऊन आदळते. दोघे एकाच पाटावर बसायला बघतात आणि लोकांना नुसता गडगडाट ऐकू येतो. तू मोठ्यानं वाजवलंस तर त्याचा खर्ज बुडतो, त्याच्या खर्जावर उभे असलेले वरचे सूरही बुडतात, कारण मुळात ते बारीक असतात. म्हणून कारगिरा चालू असताना किक कोरडी ठेव. माइकला मूठ घालू नकोस, चार बोटं लांब धर, किक नुसती ओठांची 'प्' राहू दे. थ्रोट बेस तर तेव्हा चुकूनही नको. तो तुझा हुकमी एक्का आहे हे मला माहीत आहे, तरीही.

सिगितचं उलटं. तिचा जीव हजार ते दोन हजार हर्ट्झमध्ये असतो. १६० हर्ट्झचा खर्ज धरला तर आठवा सूर १२८० वर, दहावा १६०० वर, बारावा १९२० वर. आणि तुझ्या 'क्' आणि 'प्फ्' च्या स्नेअरचा मुख्य भपकाराही त्याच पट्ट्यात. प्रत्येक ठोक्याला तू त्याची शिट्टी मधोमध कापतोस. तिथे स्नेअर काढून टाक किंवा अर्ध्यावर आण. 'त्स्'चा हाय-हॅट मात्र खुशाल वाजव, तो फार वर असतो, कुणाच्या वाटेत येत नाही. म्हणजे थोडक्यात कारगिराला किक जड, सिगितला स्नेअर जड. हा एवढा हिशेब डोक्यात ठेवून वाजवलं तर साउंडच्या माणसाला फारसं काही करावं लागत नाही.

तालाचं त्याहून अवघड आहे. तुवन गाण्यात घोड्याची चाल असते, दोशपुलूर नावाच्या त्यांच्या तंतुवाद्यावर ती स्पष्ट ऐकू येते, केंगिरगे ह्या मोठ्या ढोलावरही. पण वाक्य संपतं श्वास संपल्यावर. आठव्या मात्रेला संपलंच पाहिजे असं नाही. आपण चार-चारचा गज धरून बसलो की गायकाला प्रत्येक श्वास कापून त्यात बसवावा लागतो आणि गाण्याचं लांबरुंद अंग आक्रसतं. ख्यालाच्या मैफिलीत तबलजी गायकाच्या अंगावर चढला की रसिक माना खाली घालतात. तेच इथे. आपल्याकडे संगत हा शब्द आहे, त्याच्याहून नेमका शब्द मला ह्या सगळ्या प्रकारासाठी सापडलेला नाही. ठेका धर, त्याचा श्वास संपताना जागा सोड, त्यानं पुन्हा घेतला की समेवर ये. त्याची सम, तुझी नव्हे.

आणि हेही खरं की ठेका त्यांच्या गळ्यात आधीपासून आहे. बोरबांगनादिरमध्ये आवाज न थांबवता त्याला पाण्याच्या खळखळाटासारखी लाट देतात, जीभ आणि ओठ हलके थरथरवत. एझेंगीलेरचा हिसका तर तू वर वाचलासच. आपण बीटबॉक्समध्ये ठोका म्हणजे तुकडा समजतो, शांतता, मग आवाज, मग शांतता. त्यांच्याकडे ठोका म्हणजे चालू प्रवाहाला दिलेला हेलकावा. मी बोरबांगनादिर थोडंफार शिकल्यावर माझा सगळा बीटबॉक्स बदलला. दोन ठोक्यांच्या मधली जागा भरायला लागली. उलट बाजूनं त्यांना आपल्याकडून काय मिळतं? तोंडातली हवा वापरून फोडलेले ठोके, जे श्वासाला हात न लावता वाजतात, आणि आत ओढून काढलेले आवाज, ज्यांच्यामुळे दम घेतानाही वादन थांबत नाही. ज्या तुवन गायकांना मी हे दाखवलं, त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले.

एकाच तोंडात दोन्ही करायचं तुझ्या मनात असेल, तर हिशेब असा. सिगितमध्ये जीभ टाळूला चिकटलेली असते, म्हणजे 'त्स्' आणि 'क्' गेलेच. उरतात फक्त ओठ, आणि ओठ मिटले की शिट्टी क्षणभर बंद. कारगिरात जीभ आणि ओठ दोन्ही मोकळे, त्यामुळे सुरुवात तिथून कर. पण लक्षात घे, प्रत्येक ठोक्यासाठी तोंड आकार बदलतं आणि वरचा सूर घसरतो. किकनंतर तोंड बरोबर त्याच 'ऑ' वर परत आलं पाहिजे. मला हे स्वच्छ जमायला दोन वर्षं लागली.

आता घसा. सुरुवातीला मी व्हिडिओ बघून, जोर लावून कारगिरा काढायला गेलो. आठ दिवसांत आवाज बसला, तीन आठवडे बोलता आलं नाही. चूक एवढीच होती की मी घशातून दाबत होतो. त्या वरच्या घड्या दाबून हलत नाहीत, त्यांना जवळ आणून सोडावं लागतं. हळूच खाकरल्यासारखं कर, जोर न लावता, तो आवाज निघतो त्या जागेवर थांब, आणि त्याच्या खाली पोटातून एक नेहमीचा 'आ' सरकव. दहा वेळा नाही निघणार. अकराव्यांदा कधीतरी खाली दार उघडल्यासारखं वाटेल. गुदगुल्या चालतील, खोकला आला तर थांब, दुखलं तर त्या दिवशी संपलं. दिवसाला दहा मिनिटांवर पहिले दोन महिने जाऊ नकोस. थ्रोट बेसचा सराव त्याच दिवशी करू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घे. लाजू नकोस.

अजून दोन गोष्टी, कारण तू उद्या हे स्टेजवर करशील. ह्याला 'तिबेटी लामांचा आवाज' म्हणून सांगू नकोस. धरमशालेजवळच्या ग्युतो मठाचे भिक्खू जे खोल मंत्रपठण करतात त्याचं तंत्र कारगिराच्या जवळचं आहे, पण ते अनुष्ठान आहे, त्याची जागा वेगळी. मंगोलियाचं खूमी हे तुवाच्या सख्ख्या शेजारचं. युनेस्कोच्या यादीत ते चीनच्या अर्जावरून २००९ साली आणि मंगोलियाच्या अर्जावरून २०१० साली गेलं, तुवाचं नाव त्यात नाही. त्यामुळे कुणाकडून काय शिकलास हे नाव घेऊन सांगणं तुवन माणसाला फार मोलाचं वाटतं. दुसरं, तुझ्या गटात मुली असतील तर त्यांना थांबवू नकोस. बाईनं हे गायलं तर मूल होण्यात अडचण येते असा समज तुवात होता. त्याला न जुमानता १९९८ साली चोदुरा तुमात ह्यांनी तिवा किझी हा बायकांचा चमू उभा केला आणि तो आजही गातो.

कुठून सुरू करू, असं तू पुढच्या पत्रात विचारशीलच, म्हणून आताच सांगतो. एक मोरचंग घे, साधं लोखंडी चालेल. महिनाभर तेच वाजव. ते ओठांशी धरून नुसतं तोंड 'ई' पासून 'ऊ' पर्यंत सावकाश बदल, म्हणजे सूर कसे निवडले जातात ते जिभेला कळेल. त्यानंतर न्हाणीघरात, भिंतींना आवाज परत येतो तिथे, एका सुरावर तेच 'ईऊईऊ' गळ्यानं कर. पहिली बारीक शिट्टी तिथे ऐकू येईल. आणि कोल्हापुरात आहेस, तर पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन बस. तुवातले गायक पाण्याकाठी बसून सराव करतात, पाण्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून बघतात. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथलं आणि घाटाच्या पायरीशी लागतं तिथलं, दोन्ही वेगळं आहे. आधी दोन्ही ऐक. मग त्यातलं एक तोंडानं काढ, आणि रेकॉर्ड करून मला पाठव. ऐकून मला सांगता आलं पाहिजे की तू कुठल्या पायरीवर बसला होतास.